थंडीत वाचायला थंडीच्याच कादंबऱ्या: काय सुचवाल?

कंदीलकाठी

गारठा वाढला की मला बर्फातल्याच गोष्टी लागतात. आपण पांघरुणात आणि पुस्तकातली मंडळी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कुडकुडतायत, या सुखाला तोड नाही. दुष्टपणा म्हणा हवं तर.

ख्रिस्तीचं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' आणि किंगचं 'द शायनिंग' झालेली आहेत, ती सुचवू नका. मुखपृष्ठावर बर्फात बुडालेलं घर, खिडकीत पिवळा उजेड आणि आत दोन एकटे जीव प्रेमात पडतायत, ती जातकुळीही नको. तिथे हात पोळून झालेत. कादंबरीच हवी. थंडी नुसती नावाला नको. एक जाडजूड आणि एक बारकी अशी जोडी मिळाली तर उत्तम. मूळ भाषा कोणतीही चालेल, अनुवाद मिळत असला की झालं.

आडवाट

वाखूसा (वाचनखूण साठवली).

जुनेर

निवडताना मी एकच कसोटी लावतो. गोष्टीतला बर्फ मनातल्या मनात वितळवून बघायचा. कथानक तरीही जसंच्या तसं उभं राहत असेल तर तो बर्फ म्हणजे नाटकातला पडदा.

तुम्ही वगळलेली दोन्ही पुस्तकं या कसोटीला उतरतात. ओरिएंट एक्स्प्रेस विंकोव्ह्त्सी आणि ब्रोदच्या मध्ये हिमात रुतते. त्यामुळे खुनी गाडीतच अडकतो आणि पोलीस येईपर्यंत गुप्तहेर पॉयरॉला रान मोकळं मिळतं. रूळ साफ असते तर पुढच्या स्टेशनात पोलीस चढले असते आणि पुस्तक तिथेच आटोपलं असतं. (ही गाडी १९२९ साली तुर्कस्तानात चेर्केझकोयजवळ खरोखरच हिमात अडकली होती. कादंबरी १९३४ची.)

याच कसोटीवर माझं पहिलं नाव पीटर हॉचं 'स्मिलाज सेन्स ऑफ स्नो' (१९९२). कोपनहेगनमध्ये एक लहान मुलगा छपरावरून पडून मरतो. पोलीस म्हणतात, खेळता खेळता घसरला. शेजारच्या स्मिलाला ते पटत नाही, कारण त्या पोराला उंचीची धास्ती होती आणि छपरावरच्या बर्फात त्याची पावलं थेट कडेकडे धावत गेलेली दिसतात. तिची आई ग्रीनलंडची, बर्फ वाचायची विद्या तिकडून आलेली. बर्फ हाच साक्षीदार. पूर्वार्ध निव्वळ अप्रतिम. उत्तरार्धात सगळे बोटीवर चढतात आणि पुस्तक मारधाडीकडे घसरतं, ते सोसायची तयारी ठेवा.

रातवा

जुनेर, कसोटी छान आहे पण अपुरी आहे. बर्फावर कथानक टांगलंय म्हणून ते पुस्तक थंडीत वाचायला चांगलं, असं कुठे आहे? थंडीत मला काय हवं असतं? आतली जागा. शेगडी, दिवा, दार घट्ट लावलेली खोली आणि त्या दारापलीकडे काहीतरी भयाण. बाहेर आणि आत यांच्यातली भिंत ज्या लेखकाला बांधता येते त्याचं पुस्तक घ्यावं.

'डॉक्टर झिवागो' घ्या. (१९५७ साली आधी इटलीत छापून आलं, पुढच्या वर्षी पास्तरनाकना नोबेल जाहीर झालं आणि सरकारी दबावाखाली नाकारावं लागलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक असेलच.) त्यात उरलकडे निघालेली आगगाडी बर्फात अडते आणि उतारूंनाच फावडी देऊन रूळ मोकळे करायला लावतात. ते प्रकरण वाचताना हाताला खरोखर कष्ट झाल्यासारखं वाटतं. आणि मग वारीकिनो, उरलमधली ती आडगावची वस्ती. रात्री सगळे झोपल्यावर झिवागो टेबलाशी बसून लिहितोय आणि बाहेर बर्फावर लांडगे येऊन उभे आहेत. माझ्या मते थंडीचं वाचन म्हणजे ते पान.

जाडजूड हवं म्हणताय तर टोमास मानचं 'द मॅजिक माउंटन' (१९२४). हान्स कास्टोर्प दावोसच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये नात्यातल्या भावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी जातो आणि सात वर्षं राहतो. तिथले रुग्ण उघड्या गॅलरीत तासन् तास आरामखुर्चीवर पडून असतात, कडाक्याच्या थंडीतही. अंगाभोवती उंटाच्या लोकरीच्या दोन घोंगड्या. त्या कशा गुंडाळायच्या याची रीतसर शिकवणी आहे: आधी एका बाजूने लांबीत काखेपर्यंत, मग पायांकडून वर, मग दुसऱ्या बाजूने. मी हा प्रयोग घरी केलाय. पुस्तक धरायला हात बाहेर काढला की सगळी रचना कोसळते.

निवांत

'मॅजिक माउंटन' या हिवाळ्यात सुरू केलंत तर पुढच्या हिवाळ्याचा प्रश्नही सुटला म्हणून समजा.

कंदीलकाठी

:)) रातवा, त्यातलं 'बर्फ' नावाचं प्रकरण फार गाजलेलं आहे असं ऐकून आहे. तेवढंच सुटं वाचलं तर?

रातवा

वाचता येतं, पण अर्धी मजा जाईल. हान्स स्कीवर एकटाच डोंगरात जातो, वादळात वाट चुकतो, एका बंद खोपटाच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि त्याला स्वप्न पडतं. जागा होतो तेव्हा त्याला वाटतं रात्र गेली. प्रत्यक्षात मोजकी मिनिटं गेलेली असतात. त्याआधीच्या शेकडो पानांत काळ कसा पातळ होत जातो हे तुम्ही अनुभवलेलं असेल तरच तो धक्का बसतो.

चांदवा

बारक्या पुस्तकांची बाजू मी घेते. थंडीवर लिहिणाऱ्याने कमीच लिहावं असं माझं मत आहे.

ईडिथ व्हॉर्टनचं 'इथन फ्रोम' (१९११). दीडशेच्या आसपास पानं. स्टार्कफील्ड हे काल्पनिक गाव, हिवाळ्यात अडकून पडलेला एक इंजिनिअर आणि त्याला हळूहळू कळत जाणारी एका लंगड्या शेतकऱ्याची गोष्ट. शेवट फोडत नाही. एवढंच सांगते की त्यात लोणच्याची एक लाल काचेची बशी आहे. लग्नात आलेली, कधीच न वापरलेली. घरची मालकीण परगावी गेलेली असताना ती एका रात्री टेबलावर येते आणि मांजराच्या धक्क्याने फुटते. इथन ते तुकडे जुळवून फडताळात परत ठेवतो, म्हणजे लांबून अख्खी दिसावी. त्या घरातल्या तिघांचं सगळं त्या बशीत आलं. बाई किती निष्ठुर लिहितात!

दुसरं, तार्येइ वेसोस या नॉर्वेजियन लेखकाचं 'द आइस पॅलेस' (१९६३). सिस आणि उन या अकरा वर्षांच्या दोन मुली, आणि धबधबा गोठून तयार झालेला बर्फाचा महाल. आत दालनामागून दालन. जुनेरच्या कसोटीला शंभर टक्के उतरतं आणि रातवाच्या कसोटीला उलटं उत्तर देतं, कारण इथे 'आत' हीच सगळ्यात गार जागा आहे.

तिसरं कावाबाटाचं 'स्नो कंट्री'. सुरुवातीला आगगाडीची काच आरसा झालेली असते. तिच्यात एका मुलीचा चेहरा आणि त्याच्या आरपार बाहेरचा संधिप्रकाश सरकत असतो, मधेच डोंगरातला एक दिवा नेमका तिच्या डोळ्यावर येतो. पुढे तिकडच्या चिजिमी कापडावर काही पानं आहेत: हिवाळ्यात विणायचं आणि बर्फावर पसरून पांढरं करायचं. गोष्ट म्हणाल तर नाहीच म्हणा ना. ज्यांना 'मग काय झालं' हवं असतं त्यांनी वाटेला जाऊ नये.

निवांत

दस्तयेवस्कीचं 'व्हाइट नाइट्स' कोणी अजून कसं सुचवलं नाही याची वाट बघतोय. थंडीतल्या वाचनाच्या प्रत्येक यादीत मुखपृष्ठावर हिमकण लावून ते असतंच. बाबांनो, ते उन्हाळ्यातलं आहे! पीटर्सबर्गला उन्हाळ्यात रात्री पुरता अंधार पडत नाही, त्या त्या रात्री. गोष्ट गोड आहे, जरूर वाचा, पण स्वेटर काढून.

आडवाट

हाहा.

जाता जाता, उलटं उदाहरण 'फ्रँकेन्स्टाइन'चं (१८१८). थंडीचं पुस्तक म्हणून ते कोणाला आठवत नाही, पण सुरुवात आणि शेवट आर्क्टिकमध्ये बर्फाने वेढलेल्या जहाजावर आहे. ते सुचलंही अशाच हवेत. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी उतरलेली मंडळी पावसामुळे घरात कोंडली गेली, भुताच्या गोष्टी रचायची पैज लागली आणि मेरी शेलीने मग हे लिहायला घेतलं. रातवाची कोंडलेली खोली इथे पुस्तकाबाहेर आहे.

गारगोटी

चांदवा, 'इव्हान देनिसोविच'चा उल्लेख तुमच्या प्रतिसादात अपेक्षित होता, म्हणून मीच करतो. सोल्झेनित्सिनचं 'वन डे इन द लाइफ ऑफ इव्हान देनिसोविच', १९६२ साली 'नोवी मीर' मासिकात आलेलं. सोव्हिएत श्रमछावणीतला १९५१च्या जानेवारीतला एक दिवस, पहाटे उठवण्यापासून रात्री झोपेपर्यंत.

या पुस्तकात थंडीचं वर्णन जवळजवळ नाही. थंडीचा हिशोब आहे. छावणीत खांबावर थर्मामीटर टांगलेलं आहे, आणि पारा उणे एक्केचाळीसपर्यंत उतरला तर कैद्यांना कामावर हाकलू नये असा संकेत. मग सगळ्यांचे डोळे तिकडे. त्यात कोणीतरी म्हणतो, ते खरा आकडा दाखवत असतं तर इथे टांगलं असतं का! शुखोवच्या (म्हणजे हाच इव्हान देनिसोविच) अंगात कणकण आहे, पण सुट्टी मिळत नाही. नमद्याच्या बुटात त्याने स्वतः ओतून केलेला चमचा लपवलेला आहे. बूट ओले झाले तर वाळवायचे कुठे, पायाला गुंडाळायच्या चिंध्या कशा घालायच्या, भाकरीचा तुकडा गादीत कसा शिवून ठेवायचा, सगळं बारकाईने येतं.

आणि मग कैदी बांधतात ती भिंत. गारा (ठोकळे जोडायचा ओला लगदा) गोठायच्या आत ठोकळा बसवायचा, म्हणजे प्रत्येक थापीला घाई. शुखोव कामात असा रंगतो की काम थांबवायची वेळ झाली, बाकीचे फाटकाकडे पळाले तरी उरलेला गारा फुकट जाऊ नये म्हणून हा रचतोच आहे. आपल्याच तुरुंगाच्या कामात कारागिराचा हात थांबत नाही! मला त्या पानांवर हसू येतं आणि लगेच घसा दाटतो. सोल्झेनित्सिन स्वतः छावणीत गवंडीकाम करत होते, ते थापीच्या प्रत्येक हालचालीत कळतं.

जुनेर

+१. पण म्हणजे थंडीवर लिहायला थंडी भोगलेली असावी लागते का? स्टेफ पेनीचं 'द टेंडरनेस ऑफ वुल्व्ह्ज' बघा. १८६७चा कॅनडा, खून, बर्फातून माग काढत जाणारी आई. २००६चा कॉस्टा पुरस्कार मिळाला. बाई कॅनडात पाऊलही न ठेवता लंडनच्या ग्रंथालयात बसून ते लिहून गेल्या. त्यांना तेव्हा मोकळ्या जागेची भीती होती. कादंबरी चांगली रंगते.

गारगोटी

रंगते, मान्य. पण त्यातली थंडी डोळ्यांना दिसते, बोटांना लागत नाही. माझं मत.

चांदवा

गारगोटी, असहमत. अर्सुला ल ग्विनने तर ग्रहच कल्पनेतला घेतला आणि तिथली थंडी माझ्या बोटांना लागली. कोणीतरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' काढा रे.

तारांगण

हजर. मी याचीच वाट बघत होतो.

१९६९ची कादंबरी, ह्यूगो आणि नेब्यूला हे विज्ञानकथांचे दोन्ही पुरस्कार मिळालेली. गेथेन हा कायम हिमयुगात असलेला ग्रह, परके लोक त्याला 'विंटर' म्हणतात. पृथ्वीवरून आलेला दूत गेन्ली आय आणि तिथला पदच्युत मुत्सद्दी एस्ट्राव्हेन. पूर्वार्धात राजकारण, शिष्टाचार, लोककथा. इथेच पुष्कळजण पुस्तक खाली ठेवतात. ठेवू नका. उत्तरार्धात दोघं एक घसरगाडी ओढत गोब्रिन हिमनदीवरून निघतात आणि तिथून पुढे विज्ञानकथा वगैरे विसरायला होतं. रोज किती अन्न, गाडीचं वजन किती घटलं, तंबूत चूल लावली की आधी काय वाळवायचं, हेच चालू असतं.

त्यातली एक गोष्ट मला कधीच सोडत नाही. एका टप्प्यावर आभाळ पांढरं, जमीन पांढरी आणि उजेड सगळीकडून सारखा येतो. सावलीच पडत नाही. वारा नाही, वादळ नाही, सगळं लख्ख आहे, आणि तरीही पाऊल टाकता येत नाही, कारण पुढे उंचवटा आहे की भेग हे कळायला सावली लागते. संकट म्हणजे अंधार, असं आपण धरून चालतो. तिथे उजेडच आंधळा करतो. आणि पुस्तकाचं नाव काय आहे बघा.

जुनेर, बर्फ वितळवून बघा. गेथेनवर कधी युद्ध झालेलं नाही, आणि त्यामागे थंडीही असू शकेल असा तर्क पुस्तकातच केलेला आहे. हवामान काढलं तर समाजच उरत नाही.

रातवा, तुमची 'आतली जागा' म्हणजे तो तंबू. अख्ख्या ग्रहावर दोन माणसांपुरती ऊब.

रातवा

मागवलं.

काजळमाया

मी उलट्या पंथाची. कडाक्याच्या थंडीत कामूचं 'द आउटसायडर' काढते. डोक्यावर तळपता सूर्य, तापलेली वाळू, डोळ्यात जाणारा घाम. हीटरचं काम होतं. तुम्ही सगळे थंडीत गारेगार वाचून स्वतःला का छळता देव जाणे.

निवांत

त्या हीटरमध्ये माणूस मरतो हो.

आडवाट

अवांतर नको म्हणून मुद्द्याचं: सत्य घटनांवर आधारलेल्या दोन टोकाच्या कादंबऱ्या.

डॅन सिमन्सचं 'द टेरर' (२००७). फ्रँकलिनची मोहीम १८४५ साली 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन वायव्य मार्ग (आर्क्टिकमधून आशियाकडे जाणारा) शोधायला गेली आणि बर्फात अडकली. १२९ माणसांपैकी एकही परतला नाही. सिमन्सने त्यात एक राक्षसी प्राणीही घातलाय. मला विचाराल तर त्याची गरज नव्हती. लाकूड बर्फात आवळलं जाऊन रात्रभर करकरतं, लोखंडाला उघडा हात लावला की कातडी चिकटून निघते, डबाबंद अन्न नासकं निघतं. एवढं पुरेसं भयंकर आहे. जहाजांचे अवशेष पुस्तकानंतर सापडले, 'एरेबस' २०१४ला आणि 'टेरर' २०१६ला.

दुसरं, लॉरा इंगल्स वाइल्डरचं 'द लाँग विंटर' (१९४०). १८८०-८१चा अमेरिकेतल्या डकोटातला हिवाळा. वादळांमागून वादळं, आगगाड्या बंद, कोळसा संपलेला. घरातले सगळे आळीपाळीने गवत पिळून त्याच्या कांड्या करतात आणि त्या जाळतात. पीठ संपल्यावर कॉफीच्या हातगिरणीत गहू दळतात. रॉकेल संपतं तेव्हा आई एका बटणावर चिंधी बांधून, बशीत चाकाचं वंगण घालून दिवा करते. लहान मुलांसाठी लिहिलंय म्हणून सोडू नका. भूक एवढ्या शांतपणे मोठ्यांच्या पुस्तकातही क्वचितच येते.

गारगोटी

'द लाँग विंटर'ला जोरदार अनुमोदन. गाडीवाटे निघालेलं नाताळचं पिंप मे महिन्यात पोचतं, तो प्रसंग!

जुनेर

पामुकचं 'स्नो' (२००२) राहिलं. 'का' नावाचा कवी तुर्कस्तानातल्या कार्स शहरात येतो, मागे रस्ते बंद होतात, आणि त्या कोंडलेल्या दिवसांत नाटकाच्या रंगमंचावरून सत्तापालट होतो. बाहेरून कोणी येऊच शकत नाही म्हणून चार टाळकी शहर ताब्यात घेऊ शकतात. ओरिएंट एक्स्प्रेसचंच गणित, गाडीऐवजी अख्खं गाव. 'का'ला तिथे सुचलेल्या एकोणीस कविता तो हिमकणाच्या आकृतीवर मांडतो. मध्यभाग रेंगाळतो, चर्चा फार. तरी घ्या.

काजळमाया

पंथ सोडून एक नाव देते, फक्त एकच. निर्मल वर्मांचं 'वे दिन' (१९६४). हिंदी सरळ वाचता येत असेल तर अनुवादाच्या भानगडीत पडू नका. नाताळच्या सुट्टीतलं प्राग, तिथे शिकणारा एक भारतीय मुलगा आणि त्याने दुभाषा म्हणून काही दिवस जिला शहर दाखवायचं ती रायना. काही घडत नाही म्हणावं तर सगळं घडतं. ओव्हरकोटाच्या खिशातले हात, पबमध्ये शिरल्यावर अंगावर येणारी ऊब, पुन्हा बाहेर. युद्ध संपून वर्षं झालीत पण ते रायनाच्या अंगातून गेलेलं नाही. थंडी तिथे हवेत कमी आणि माणसात जास्त आहे. ते आवडलं तर त्यांचंच 'लाल टीन की छत', हिवाळ्यातलं पहाडी शहर आणि काया नावाची वयात येणारी मुलगी.

चांदवा

काजळमाया, हे बेस्ट काढलंत!

तारांगण

सगळेच गंभीर झालेत म्हणून एक मोठं आणि विनोदी: लॅक्सनेसचं 'इंडिपेंडंट पीपल', आइसलंड, १९३४-३५. ब्यार्तुर नावाचा महाहट्टी मेंढपाळ. हरवलेली मेंढी शोधायला डोंगरात जातो, तिथे रेनडिअरचा नर दिसतो, त्याला पकडायला झेप घेतो, आणि तो प्राणी याला पाठीवर घेऊन थेट हिमनदीच्या पाण्यात शिरतो. पुढे ओल्या कपड्यांत वादळातून चालताना हा काय करतो, तर जुन्या कविता मोठमोठ्याने म्हणतो. हसून हसून पुरेवाट, आणि दोन प्रकरणांनंतर तोच माणूस इतका निर्दय वागतो की पुस्तक मिटून बसावं लागतं. लेखकाला १९५५चं नोबेल.

कंदीलकाठी

एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. मंडळ आभारी आहे.

निवड सांगते. बारकं म्हणून 'इथन फ्रोम', आजच, त्या बशीसाठी. जाडं म्हणून 'झिवागो'. 'इव्हान देनिसोविच' मधल्या रविवारी एका बैठकीत, दिवसाचं पुस्तक दिवसातच. ल ग्विन ग्रंथालयात लावून ठेवलंय, नंबर आला की. 'टेरर' रात्री एकटीने वाचायची छाती नाही.

रातवा, झिवागोतली रशियन नावं फार गोंधळ घालतात का? त्या भीतीने ते पुस्तक आजवर टाळलंय.

रातवा

पहिली शंभर पानं घालतात. एकाच माणसाला कोणी युरी म्हणतं, कोणी युरा, कोणी युरी आंद्रेयेविच. पात्रांची यादी सुरुवातीला छापलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. नसेल तर वहीच्या कागदावर स्वतः करा आणि पुस्तकातच ठेवा, खूण म्हणूनही चालते. सुरुवातीला पात्रं धडाधड येतात, त्यातली पुष्कळशी पुढे शेकडो पानं गायब असतात, सगळ्यांना लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. युरा, लारा, तोन्या आणि कोमारोव्स्की एवढे चार पक्के झाले की आगगाडीपर्यंत पोचता येतं.